वाटून खाल्लेल्या गोळ्या

डॉक्टरबाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण इंदिरानगरात तुमच्या दवाखान्यावरून रिक्षा गेली की मी अजून पदर सावरून बसते. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लघवीला जळजळ व्हायची, अंगावरून पिवळट जायचं. देवळ्याला आमच्या घरात त्याला एकच नाव, उन्हाळी. सासूबाईंनी सब्जा दिला, धन्याचं पाणी दिलं, शेवटी मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणली. दोन दिवसांत उतार पडला, तेव्हा हे हळूच म्हणाले, "मलाबी जरा उन्हाळी लागलीय, उरलेल्या दे." मी दिल्या. नवऱ्याने आपल्याकडे काही मागितलं याचंच केवढं कौतुक मला! महिन्याभरात आग परत हजर. सासूबाई म्हणाल्या, "ही लय दुखणेकरी निघाली. आता बरी नाय झाली तर येवल्याला माहेरी सोडून येऊ."

मग देवळ्याहून शहरात तुमच्याकडे. तपासणीचा रिपोर्ट तुमच्या हातात, मी स्टुलावर, सासूबाई शेजारी, आणि हे बाहेर मोटारसायकलपाशी, दुसऱ्याच कुणाची बायको आत असल्यासारखे. तुम्ही म्हणता, "मावशी, बाहेर पंख्याखाली बसा आणि मुलाला आत पाठवा." "त्याला कशाला? दुखणं हिचं हाय." "पाठवा तर खरं."

तुम्ही सगळं सरळ सांगितलंत. हा संबंधातून लागणारा संसर्ग. एकट्याने औषध घेतलं तर दुसऱ्याकडून परत येतो. अंगात राहिला तर पुढे मूल राहायला अडचण. मी रडत गोळ्यांची गोष्ट सांगितली आणि तुम्ही कडाडलात, "प्रसाद आहे का गं तो, वाटून खायला?" दोघांना वेगवेगळ्या गोळ्या दिल्यात, वर ताकीद: बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या, तोवर एकमेकांपासून लांब, नंतर पुन्हा तपासायला यायचं. यांना पहिली गोळी तुमच्यासमोर गिळायला लावलीत. यांची मान वर झाली नाही.

"बाई, हे आलं कुठून?" मी दारात विचारलं. "ते कागदावर दिसत नाही. नवऱ्याला विचार, पण आधी बरी हो." मग तुम्ही माझ्याबरोबर बाहेर आलात. "मावशी, औषध दोघांना लागतंय. सुनेला बोल लावायचा नाही." सगळ्या पेशंटांदेखत सासूबाईंना असं बजावणारं तोवर मी कुणी पाहिलं नव्हतं. येवल्याचं नाव घरात परत निघालं नाही. काय बाई होतात हो तुम्ही!

बरी झाल्यावर विचारलं. लग्नाआधीचं, हे कांद्याच्या ट्रकबरोबर बाहेरगावी जात तेव्हाचं निघालं. सांगताना हे रडले. आज मुलगी नोकरीला लागली आहे, तिला मी हे सगळं नीट सांगितलंय, उन्हाळी म्हणून झाकलं नाही. लोक आमचा जोडा वाखाणतात. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, यांना मी अजून पुरती माफी दिलेली नाही. गोळ्या तेवढ्या पूर्ण घेतल्या.