बिनसोन्याची होडी

१० सप्टेंबर १९३३, रविवार

आज काम बंद ठेवलं. बुधाजी नाखवा सकाळीच मांडवात आला. होडीची बाजू चाचपून म्हणाला, पौर्णिमेच्या भरतीला ही पाण्यात पाहिजे आणि तू रविवार पाळत बसतोस. मी म्हटलं, बाकीचे दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत लाकूड तासणारा माझा वाकस थांबत नाही. तो कुरकुरत गेला, पण चिडून नाही. त्याच्या बापाच्या होड्या माझ्या बापाने बांधल्या.

दुपारी पाळक शिमोनराव रेवदंड्याहून चालत आले. उपासनेला मी एकटाच. अख्ख्या काशीदमध्ये बाप्तिस्मा घेतलेला मीच! पाळक म्हणाले, हिरामण, तू उपदेश करू नकोस. तुझी फळी नीट बसली की तीच तुझी साक्ष.

गोदू ओट्यावर मासळी साफ करत सगळं ऐकत होती. आत आली नाही. बायकोवर मी जोर करत नाही.

१४ सप्टेंबर

उद्या नाळ, होडीच्या तोंडाचं उभं लाकूड, बसवायची. होडीचं सगळं बळ तिथं – पुढची नाळ तळाच्या लाकडात जिथं शिरते त्या सांध्यात. बसवण्याआधी सुताराने सांध्यात सोनं ठेवायचं, कोंबडं कापायचं, देवीचं नाव घ्यायचं. बाप करायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही करत होतो.

आज नाखव्याला सांगून टाकलं – हे माझ्या हातून आता होणार नाही. त्याने नाळेच्या लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाला, दुसरा सुतार बोलावू काय? मी म्हटलं, बोलवा, माझा राग नाही. तो म्हणाला, "सांधा तुझ्यासारखा दुसरा कोण बसवतो?" आणि तसाच निघून गेला. म्हणजे हो की नाही, कळलं नाही.

१५ सप्टेंबर

नाळ बसली. केसाएवढी फट नाही. लाकडावर हात ठेवून प्रार्थना केली. बाकी काही नाही.

१९ सप्टेंबर

गोदू आज रडली. तिचा भाऊ सदा या होडीवर जाणार. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, भाऊ कसला, लेकच तो तिचा. म्हणाली, "तुम्ही त्या पाण्यात बुडी मारलीत तवा मी काय बोलले न्हाय. पण ही होडी तुमच्या एकट्याची हाय का?"

 शास्त्र काढून वादळाची गोष्ट वाचून दाखवली – प्रभूने वारा कसा धमकावला, समुद्र कसा निवला. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग म्हणाली, "तो त्यांच्या होडीत बसला होता ना?"

२ ऑक्टोबर

फळ्यांच्या फटींत राळ आणि कापूस भरून झाला. गोदूच्या गळ्यातला एक सोन्याचा मणी दिसेना. विहिरीवर पडला म्हणाली. शोधायला निघालो तर नको म्हणाली.

३ ऑक्टोबर

होडी पाण्यात गेली. सगळा गाव वाळूवर. कुठे कलली नाही की ओढली नाही. नाखव्याचा मुलगा कान्हा सुकाणूवर, सदा पुढे नाळेवर उभा राहून हसत होता. देवा, तुझे उपकार.

९ नोव्हेंबर

दुपारपासून दक्षिणेचा वारा. आभाळ काळं. संध्याकाळपर्यंत एकेक होडी परतली. आपली नाही.

१० नोव्हेंबर

नाही आली.

१२ नोव्हेंबर, रविवार

कान्हाचा देह नांदगावच्या वाळूत सापडला. सदा नाही. बाकीचे खलाशी दुसऱ्या गावच्या होडीने उचलले, ते वाचले. सांगतात, पुढून पाणी एकदम आत आलं. उपसायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

कान्हाला पोचवायला गेलो तर लोक बाजूला झाले. खांदा देऊ दिला नाही.

पाळक आले होते. गोदूच्या समोर बसून राहिले. ते बरं केलं. मला आपलं त्या दिवसाचं आठवत होतं – रेवदंड्याच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी माझी मान धरून मला आत लोटलं, वर काढलं, आणि म्हणाले, जुना माणूस आत राहिला, नवा वर आला. सदा वर आला नाही.

१५ नोव्हेंबर

गोदू जेवत नाही. माझ्याकडे बघतही नाही.

१८ नोव्हेंबर

गावकी बसली. मलाही बोलावलं, पण बसायला कुणी सांगितलं नाही. बिनसोन्याची होडी समुद्राने घेतली, असं सगळ्यांचं म्हणणं. दोन जीव याच्या धर्मापायी गेले. महिना संपायच्या आत काशीद सोड. मी नाखव्याकडे बघितलं. तो खाली मान घालून जमीन उकरत होता. त्याचा पोरगा गेलाय, त्याने माझ्या बाजूने काय म्हणून बोलावं?

मी एवढंच म्हटलं की सांधा पक्का होता. कुणीतरी थुंकलं.

२१ नोव्हेंबर

आज ओहोटीला उत्तरेकडच्या खडकात होडीचा पुढचा भाग अडकलेला दिसला. एकटाच गेलो. मला बघायचंच होतं – माझा हात चुकला का?

सांधा धरून होता. नाळ मात्र सांध्याच्या जरा वर उभी चिरलेली, आणि चीर एका भोकातून निघालेली. गिरमिटाने पाडलेलं भोक. माझं नाही ते. आतून पाडलेलं, वेडंवाकडं, फार खोल, वरून राळ थापलेली. राळ पटाशीने खरवडली. आत गोदूचा मणी.

तिथंच बसलो. भरतीचं पाणी पायाला लागलं तेव्हा उठलो.

सदाशिवाय तिला हे कोण करून देणार? तो होडीवरच असायचा. त्याला भोक कुठं पाडायचं ते काय ठाऊक! बहिणीच्या शब्दाखातर आपल्याच होडीला आपल्या हाताने मरण भरलं पोराने. त्याला वाचवायला तिने गळ्यातलं सोनं दिलं.

२२ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. एक विचार जात नाही. सोनं मी ठेवलं असतं तर खोबण सांध्याच्या आत, जाड लाकडात, नखाएवढी केली असती. नाळेला काही झालं नसतं. मी हात काढून घेतला म्हणून अडाणी हात तिथं गेला. म्हणजे गाव म्हणतं ते अगदीच खोटं नाही.

मग मी काय करायला हवं होतं? कोंबडं कापायला हवं होतं? तेही मन घेत नाही.

भोकाचा तो लाकडाचा तुकडा कापून आणला होता, तो जाळला. मणी खडकावरून समुद्रात टाकला. सदाचाच तो.

गावासमोर एक शब्द बोललो तर माझ्यावरचा आळ उतरेल. पण तो गोदूच्या डोक्यावर बसेल. ती जगायची नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

पाळकांना आडून विचारलं – खरं सांगून आपण सुटावं आणि दुसरं माणूस मरावं, असं असेल तर? ते म्हणाले, सत्य माणसाला मोकळं करतं. मी विचारलं, कोणत्या माणसाला? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पुढे विचारलं नाही. जाताना म्हणाले, "हिरामण, बाप्तिस्मा म्हणजे प्रभूच्या मरणात बाप्तिस्मा. मी तुला नुसतं पाणी दाखवलं होतं."

मला वाटायचं ते मरण त्या दिवशी खाडीत होऊन गेलं. सोपं होतं. नाकात जरा खारं पाणी गेलं, एवढंच.

रात्री जेवताना गोदूने एकदम विचारलं, खडकात होडी सापडली म्हणतात, कशाने फुटली? मी म्हटलं, खडकावर आपटली. ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी बघितलं तिने.

२९ नोव्हेंबर

वाकस, रंधा, पटाश्या पोत्यात बांधल्या. पाळक म्हणतात अलिबागेत खुर्च्या-बाकांचं काम मिळेल. होडी बांधायला आता कोण देणार. बोललो नाही, ते बरोबर केलं का, माहीत नाही. प्रार्थनेला बसलो तर तोंडातून शब्द निघत नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी गोदू घरात नव्हती. नाखव्याच्या घराकडे माणसं जाताना दिसली म्हणून धावलो. ती त्याच्या अंगणात उभी होती, चारचौघांत. माझ्याकडे बोट करून सांगत होती – हा माणूस मला कधी खोटं बोलला न्हाय, रविवारी पहिल्यांदा बोलला, तवाच मला समजलं होडी कशानं फुटली. सोनं मी दिलं. भोक माझ्या भावाने पाडलं. मी तिला धरायला गेलो तर हात झटकला.

बुधाजी नाखवा ओटीवरून उतरला. मला वाटलं, मारतो तिला. तो तिच्या पायाशी मातीतच बसला.

"मला ठावं होतं, बाय," तो म्हणाला. "भोक पाडताना सदाला कंदील मीच धरला होता."