पन्नास वेळा लिहिलेलं खोटं

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. चौथीत होते मी, तुमच्याच वर्गात. सोयाबीनची सोंगणी लागली की निम्मी पोरं आईबापासोबत वावरात, आणि तुम्ही हजेरीत सगळ्यांना हजर लावायचात. पट कमी दिसला तर शाळा उठेल, ही तुमची भीती. त्या दिवशी जऊळक्याकडून शाळा तपासणारे साहेब अवचित आले. हजेरी पाहिली, रिकाम्या टाटपट्ट्या पाहिल्या. तुम्ही म्हणालात, "पोरं पाणी प्याले गेले, साहेब." साहेबांनी नेमकं मलाच विचारलं. खरं बोलावं हे तुम्हीच शिकवलेलं. मी सांगितलं, "ते तं वावरात गेले, सोंगाले."

तुम्ही हसलात. "पोरगी माहीच हाय, साहेब, पण लबाड. खोटं बोलते." साहेब गेल्यावर माझी वही माझ्यापुढे टाकलीत. 'मी खोटं बोलते', पन्नास वेळा.

बाराव्या ओळीला हात थांबला. हे खरं असेल तर मी खोटारडी, मग खोटारडीचं हे वाक्य तरी खरं कसं? आणि खोटं असेल, तर खोटंच लिहिते आहे, म्हणजे पुन्हा खरं. मी विचारलं, "सर, हे मी खरं लिहून राह्यली का खोटं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गुमान लिही. लय शहाणी होऊ नको." त्यानंतर घरात साखर कमी झाली तरी आई आधी माझ्याकडे बघायची.

पुढे वाशिमला कॉलेजात प्राध्यापकांनी हेच कोडं गंमत म्हणून घातलं. म्हणाले, भल्याभल्यांनी यावर डोकी फोडली आहेत. वर्ग हसला. मी उठून बाहेर गेले. नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही ते शिक्षा म्हणून दिलंत, बाबा. शाळा वाचली, मान्य आहे. पण ती मला खोटं पाडून वाचली, आणि त्यासाठी गावानं दिलेला शाल-नारळ तुम्ही घेतलात.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरला. "माय, त्या दिवशी तू खरं बोलली होती ना? मले ते खाऊन राह्यलं." इतकी वर्षं मी याचीच वाट पाहत होते. मी हात सोडवून घेतला. "नाही बाबा, मीच खोटं बोलली होती. झोपा तुमी." तुम्ही डोळे मिटले. आई अजून सांगते, पोरीनं बापाचं मन हलकं केलं. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. दया आली म्हणून नाही बोलले मी. तुम्हाला माफी मागू द्यायची नव्हती.