वेलामागचं फाटक

प्रिय धाकटे,

फोनवर तू विचारतेस, ताई, मागची बाग साफ झाली का, आणि मी म्हणते, होतेय गं, होतेय. डोंबलाची होतेय! कोयत्याचा दांडा पहिल्याच दिवशी निखळला. काटा रुतून तळहात असा सुजला की कप धरता येईना. माळी आला, कमरेवर हात ठेवून झाडोरा बघितला, चहा प्यायला आणि उद्या येतो म्हणून जो गेला तो गेलाच. आणि तुझे भावजी! मी उपटून टाकलेलं गवत हे मागून गोळा करणार, खड्डे करून परत लावणार, वर झारीने पाणी घालणार. एवढा जीव यांनी उभ्या जन्मात माझ्या एका कुंडीला लावला नाही.

पण मला ती जागा हवीच होती. हे दिवसभर घरात येरझाऱ्या घालतात, पुढच्या दाराशी खुडबुड करतात. रस्त्यावर सोडायची सोय नाही, घराचा पत्ता राहू दे, स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही. मागे फिरायला जागा झाली तर निदान अंगाला ऊन लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून हट्टाने रोज थोडं थोडं कापत गेले. कमरेचा काटा ढिला झाला.

मंगळवारी भिंतीवरचा तो जाडजूड वेल एकदाचा खाली आला, आणि त्याच्यामागे काय, तर आपलं जुनं फाटक! मी विसरूनच गेले होते. छापखाना चालू होता तेव्हा हे रोज तिथूनच सायकल काढायचे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हात धुतले, दोघांचा चहा टाकला. कप घेऊन बाहेर येते तो फाटक सताड उघडं आणि यांचा पत्ता नाही. अगं, माझं नाव विसरलेला माणूस ती गंजलेली कडी कशी काढायची ते विसरला नव्हता. त्या रानानेच यांना इतके दिवस सांभाळलं होतं, आणि ते मी माझ्या हातांनी कापून टाकलं.

तशीच अनवाणी धावले. संध्याकाळी सापडले. छापखान्याच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे. तिथल्या मालकाने यांना विकायच्या खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं. हे त्याला सांगत होते, ड्युटी संपली, आता निघायला हवं, बायको वाट बघत असेल. मी समोर उभी, केस विस्कटलेले, धापा टाकतेय. मला म्हणाले, बाई, जरा बाजूला होता का?

आता फाटकाला कुलूप घातलंय. तर हे रोज सकाळपासून गज धरून उभे. जेवायला बोलावलं की हात जोडतात, म्हणतात, बाई, किल्ली द्या, ती माझ्यासाठी उपाशी थांबली असेल, मी एकटा कसा जेवू? अहो, मीच ती, म्हटलं तर हसतात, या वयात थट्टा शोभत नाही म्हणतात. नुसत्या पाण्यावर आहेत गं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. रागावून झालं, रडून झालं, लग्नाचा फोटोही दाखवून झाला. मी हात टेकले.

गेल्या खेपेला तू आलीस तेव्हा तुला बघून हे ताडकन उठून उभे राहिले होते, आठवतं? धाकटी म्हणजे थेट तरुणपणची ताई, असं सगळे म्हणायचेच. त्या दिवशी मी हसले खरी, पण आतून जळाले. आता जळायचंही त्राण नाही. तू ये. माझी जुनी निळी शाल तुझ्याकडे आहे, ती पांघरून ये. पुढच्या दाराने नको, मागून ये, तू दिसलीस की मी कुलूप काढते. आलीस का, असं विचारतील, तेव्हा हो म्हण. भावजी म्हणू नकोस. ताट वाढून ठेवते, शेजारी बसून दोन घास भरव. मी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
ताई