बाबांचा उशिरा येणारा आवाज

३ मार्च

माझी तक्रार आज दुपारी शांतपणे गेली. मागे एक तक्रारदार आणि सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मचा, आपोआप उत्तरं देणारा बॉट असा परिवार आहे. बॉटने ती बंद करताना दिलेलं कारण — ‘बरेच दिवस काही हालचाल नाही.’ अहो, हालचाल तुम्ही करायची होती! मी काय तक्रारीला रोज फिरायला न्यायचं होतं?

तक्रार तरी केवढी! अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांच्यासाठी टॅबलेटवर बोलकी पाटी बनवली. ते शब्दावर बोट ठेवतात, पाटी बोलते. आवाजाचा भाग या प्लॅटफॉर्मवाल्यांचा. त्यांनी त्यात ‘सुधारणा’ केली, आणि तेव्हापासून बोट ठेवल्यापासून आवाज येईपर्यंत माझे दोन घास होतात.

जन्मभर वकिली केलेला माणूस. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत टोला हाणायची सवय. काल दादा जेवताना स्वतःच्या पगारवाढीबद्दल फुशारक्या मारत होता. बाबांचं बोट लगेच पडलं. पण आवाज आला तोवर वहिनी तिच्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगू लागली होती. पाटी म्हणाली, “थापा!”

वहिनी रुसली. बाबांनी पाटी पालथी घातली.

तक्रार पुन्हा उघडली आहे.

६ मार्च

उत्तर आलं! ‘अधिक माहिती हवी.’ दिली. व्हिडिओसकट.

११ मार्च

तक्रारीला ‘किरकोळ’ असं लेबल लागलंय. खाली एकाने लिहिलंय, ‘मलाही हाच त्रास.’ आठ जणांनी त्यावर अंगठा वर केलाय. आम्हा त्रासलेल्यांचं मंडळ छान जमेल.

बाबा पाटीला हातच लावत नाहीत. आणून दिली तर भिंतीकडे तोंड करतात. किरकोळ म्हणे!

१५ मार्च

वहिनीने — हो, जिने ‘थापा’ ऐकून घेतलं तिनेच — पाटी बाबांच्या ताटाशेजारी मांडली आणि हुकूम काढला. “बाबांचं बोट खाली गेलं की सगळ्यांची तोंडं बंद. अहो, तुमचंसुद्धा!”

बोट गेलं. दादा अर्ध्या वाक्यात, घास हातात धरून थांबला. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघतोय. शेवटी पाटी म्हणाली, “मीठ.”

काय हसलो! बाबाही, त्या एका बाजूच्या ओठाने.

२ एप्रिल

बॉटची पुन्हा नोटीस. ‘ही अडचण अजून आहे का?’ आहे रे, आहे! बॉटशी आता मी अरे-तुरेवर आले आहे. माझी एवढ्या नेमाने विचारपूस दुसरं कोण करतं?

बाबा रंगात. आज बोट ठेवून सगळ्यांना थांबवलं आणि नजर दादावर रोखली. आवाज येईपर्यंत दादाला घाम फुटला. “पगार किती?” ही तर उलटतपासणी!

२० एप्रिल

झालं! एका खऱ्याखुऱ्या माणसाने लिहिलं — ‘उशिराबद्दल क्षमस्व. दुरुस्त केलं आहे.’ बोट ठेवलं की आवाज! मी घरभर नाचले.

२४ एप्रिल

पाटी झटपट बोलते. आम्हीही. बाबांच्या शब्दावर दादाचा, दादावर वहिनीचा, वहिनीवर माझा. बोटाकडे आता कोणी बघत नाही. बाबांचं बोलणं ताटवाट्यांच्या खणखणाटात कुठे जातं, कळत नाही. आज जेवण उरकेपर्यंत ते गप्पच होते.

“पाटी बिघडली का, बाबा?”

मान हलली — नाही.

२५ एप्रिल

सकाळी बाबांनी हाक मारली. म्हणजे पाटी मोठ्याने वाजवली. मग एकेक शब्द दाबला. “उशीर. परत. आण.”

“का हो?”

“तेव्हा. थांबायचात.”

त्या खऱ्याखुऱ्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज नीट, चार ओळींत मानले. मग त्याची दुरुस्ती आमच्या पाटीतून काढून टाकली.