धरलेला पाऊस

पालेमबांग,
२८ सप्टेंबर

ती. वाक झुहरी यांस,
पुतणी रोहायाचे सादर सलाम वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमची खबर बिक सोपियाकडून मिळाली. बिचारी शेजारीण असून तुम्हाला दोन वेळचं रांधून घालते आणि तुम्ही तिच्या माशाच्या आमटीला नावं ठेवता, हेही कळलं. आता या वयात जिभेचे चोचले कमी करा.

पुढच्या महिन्यात आमच्या शहरात अकरा देशांचे खेळ आहेत, हे आता तुमच्या गावच्या कोंबड्यांनाही ठाऊक असेल. उद्घाटनाच्या मैदानाची तयारी माझ्या गळ्यात आहे. तयारी कसली, सगळं वरातीमागून घोडं. छप्पर अर्धं झालंय, खुर्च्या बंदरात अडकल्यात आणि मैदान रस्त्यापेक्षा हातभर खाली आहे. पाणी काढून न्यायला गटारं हवीत, ती अजून नकाशावरच. तासभर पाऊस झाला तर तिथे खेळाडूंऐवजी बदकं सोडावी लागतील. परदेशी तपासनीस दर सोमवारी येतात, मान हलवतात आणि मला विचारतात की शहर तयार होईल ना. मी हो म्हणते. वाक, माझी नोकरी त्या एका ‘हो’वर उभी आहे.

परवा बैठकीत साहेबांनी मला विचारलं की तुझे काका अजून पाऊस धरतात का. कुणी हसलं नाही. सिमेंट किती, खडी किती, तसंच हे विचारलं. म्हणून लिहिते. दहा ऑक्टोबर ते वीस ऑक्टोबर, उद्घाटन होईपर्यंत, पाऊस धराल का? मी मागते आहे, माझ्या तोंडाने.

लोभ आहेच. नाही म्हणालात तरी तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची
रोहाया

तेबिंग लाडांग,
१ ऑक्टोबर

चि. रोहाया हिला,
वाक झुहरीचे अ. उ. आ.

पत्र पावलं. आमटीबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो, फक्त वाटीकडे बघितलं होतं. सोपियाला तेवढंही पुरतं.

एवढी शिकलीस, मोठ्या हापिसात बसलीस आणि शेवटी या म्हाताऱ्याच्या दारात आलीस, याचं हसू आलं. बरंही वाटलं. धरीन. पण नियम पुन्हा सांगतो, कारण लहानपणी तू ऐकायचीस कमी आणि खायचीस जास्त.

पाऊस थांबवता येत नाही, पोरी. धरता येतो. दहा तारखेला पहाटे मिरची आणि कांदा काठीला खोचून मी परसात रोवीन. तेव्हापासून अंगाला पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही. फोन करू नकोस, पत्र लिही. नावाडी सारनुबी सकाळी निघाला की दुपारी तुमच्या धक्क्याला लागतो. नमाजाआधी हातपाय धुण्याऐवजी मी कोरड्या मातीवर हात फिरवीन. संध्याकाळी एक शहाळं, बस. ते पाणी आकाशातून पडत नाही, म्हणून चालतं. इमामांना हे सगळं मान्य नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नात ते माझ्याकडेच आले होते.

आता नीट ऐक. ज्याने पाऊस धरून मागितला, त्यानेच तो सोडवायला यायचं. त्याच्या हातचं पाणी माझ्या डोक्यावर पडलं की सुटला. दुसऱ्या कुणाचं चालत नाही. तुझ्या आजोबांनी एका व्यापाऱ्यासाठी तीन दिवस धरला होता. व्यापारी मेजवानीत दंग, दोन दिवस उशिरा आला. आजोबांचा डावा कान गेला तो गेलाच. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. अकरा दिवस झेपतील. एकवीसच्या सकाळी माझ्या दारात हवीस.

बाकी सर्व ठीक. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझा
वाक झुहरी

पालेमबांग,
१७ ऑक्टोबर

ती. वाक यांस,
सादर सलाम वि. वि.

आठ दिवसांत एक थेंब नाही! आजूबाजूच्या जिल्ह्यांत ढग येतात, आमच्या वेशीपाशी थबकतात आणि वळतात. कामगार तुमचं नाव घेऊन कामाला सुरुवात करतात. सोमवारी तपासनीसांनी पहिल्यांदा मान उभी हलवली.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही. छप्पर वीसपर्यंत होत नाही. उद्घाटन पुढे ढकललं आहे, पाच नोव्हेंबरला. मी म्हटलं, मी एकवीसला जाऊन वाकना सोडवून येते, पुन्हा धरतील. तर साहेब म्हणाले की मधल्या एका दिवसात साचलेला सगळा पाऊस इथेच येऊन पडेल, मग काय करशील?

आणखी एक. गटारं खणणारी माणसं काढून रंगाच्या कामाला लावली. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले की पाऊस तर तुझ्या काकांकडे ठेवलाय, मग गटारं कुणासाठी? सगळे हसले. मीही हसले, वाक. घरी आल्यावर मला त्या हसण्याची लाज वाटली.

अजून सोळा दिवस धराल का? तुम्ही ‘नाही’ असं लिहिलंत तर मी लगेच येईन. ‘नाही’च लिहा, असंही मनात येतं.

लोभ असावा, आज जरा जास्तच लागणार आहे.

तुमची
रोहाया

तेबिंग लाडांग,
२४ ऑक्टोबर

चि. रोहाया हिला,
अ. उ. आ.

धरतो. शब्द दिला की दिला. पत्राला उशीर झाला, कारण बोटं वळत नाहीत.

गावातला मोबाइलचा मनोरा उन्हावर चालतो. दलदलीची जमीन सुकून आतून पेटली आहे, धुराने ऊन दिसत नाही, म्हणून तोही मुका झाला. गावात आता आम्ही दोघं मुके. विहिरींचा तळ लागला. लोक मला तोंडावर काही म्हणत नाहीत, पण माझ्या जिन्यासमोरून जाताना पावलं झपझप टाकतात.

पाऊस कुठे जातो असं तू लहानपणी विचारायचीस. आता सांगतो. तो माझ्या घरामागे उभा आहे. दुपारी परसाचं दार उघडलं की ओला वास येतो आणि कुणीतरी मोठं जनावर श्वास घेतं आहे असं वाटतं. गावभर धूळ, पण सोपियाने माझ्या कठड्यावर वाळत टाकलेलं लुगडं तीन दिवस ओलंच. गावातले सगळे बेडूक माझ्या खाटेखाली येऊन बसलेत. ओरडत नाहीत. माझ्याकडे बघतात.

काल कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आलं नाही. घाम बंद झाला आहे. सोपिया म्हणते माझ्या अंगाला हात लावला की वाळक्या पानाचा आवाज होतो. ती रडते, मग अंगावर थेंब पडू नये म्हणून तिला माझ्यापासून लांब बसवावं लागतं.

घाबरू नकोस. सहाला ये. उशीर मात्र करू नकोस, रोहाया. हा पाऊस आता माझ्या नावाने हाका मारू लागला आहे.

तुझा
वाक

पालेमबांग,
३१ ऑक्टोबर

ती. वाक यांस,
सादर सलाम वि. वि.

तुमचं पत्र मी दहादा वाचलं. रजा मागितली. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, रजा दिली नाही. उद्घाटनानंतर दुसऱ्या दिवशी खास बोट देतो म्हणाले.

मुसी नदी इतकी उतरली आहे की धक्क्याच्या होड्या चिखलात कलंडल्यात. शाळेतली पोरं तोंडाला फडकी बांधून गाणी बसवतात. तरी सगळे खूश. छप्पर झालं, खुर्च्या आल्या, झेंडे लागले. वर्तमानपत्रात रोज येतं की शहर सज्ज आहे.

मंगळवारी भरदुपारी मी नव्या छपराखाली उभी होते. वर पावसाचा आवाज सुरू झाला. थेंब थेंब नव्हे, मुसळधार. चाळीस कामगारांनी ऐकला. आम्ही बाहेर धावलो. आकाश पांढरं, जमीन कोरडी, आवाज मात्र चालूच. मुकादमाने हात पुढे केला आणि झटक्यात मागे घेतला. म्हणाला की बाई, गार लागतंय. त्याचा तळवा कोरडा होता.

त्यानंतर त्या छपराखाली कुणी एकटं जात नाही. मीसुद्धा नाही. सहाला पहाटे निघते. तुमच्या आवडीची माशाची वडी आणि तिचं आंबट-तिखट काळं पाणी घेऊन येते. तेवढे सहा दिवस काढा, मी पाया पडते.

तुमच्या लोभाशिवाय माझं दुसरं काही नाही.

तुमची
रोहाया

तेबिंग लाडांग,
३ नोव्हेंबर, सकाळी सात

चि. रोहाया हिला,
बिक सोपियाचा आशीर्वाद.

पोरी, बसून वाच. आज पहाटेच्या बांगेबरोबर वाक गेले. त्रास झाला नाही. मी उचलायला गेले तर अंगात काही वजनच नव्हतं, माझ्या नातीला उचलते तसे उचलले गेले.

दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या आहेत, चौघांनी ओढून पाहिल्या, उघडत नाहीत. इमाम आणि दोन माणसं आंघोळ घालायला आली. पाणी ओतलं, तर ते अंगावरून घरंगळून गेलं आणि अंग कोरडंच. तीनदा ओतलं. तिसऱ्यांदा घरामागून असा आवाज आला की इमामांच्या हातातला लोटा पडला. आंघोळ घातल्याशिवाय पुरता येत नाही. कधी नव्हे ते इमाम स्वतःच म्हणाले की मागणारीला बोलवा. ती सख्खी पुतणी आहे, पहिला लोटा तिला ओतू दे, पुढचं आम्ही करू.

उशाशी तुझ्या नावाची चिठ्ठी होती. रात्रीच लिहिली असावी. जशीच्या तशी उतरवते: “रोहाया, तुझे खेळ होईपर्यंत येऊ शकली नाहीस तर नको येऊस. मेल्यावरही दोन दिवस धरीन. तुला वचन दिलं आहे. फक्त मला ताटकळत ठेवलं म्हणून पुढे स्वतःला खात बसू नकोस.”

आता तूच ठरव. सारनुबी उत्तरासाठी धक्क्यावर थांबेल. घरात बेडूक ओरडायला लागलेत.

तुझी
बिक सोपिया

पालेमबांग,
३ नोव्हेंबर, दुपार

ती. बिक सोपिया यांस,
रोहायाचे सलाम वि. वि.

मी साहेबांना सांगितलं. ते खरोखर हळहळले. मग म्हणाले की दोनच दिवस, रोहाया. अकरा देशांची माणसं उतरली आहेत, गटारं नाहीत, पंचवीस दिवसांचा पाऊस एकदम आला तर खेळ बुडतील, शहराची लाज जाईल आणि तुझी नोकरी. त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. काकांनी स्वतःच परवानगी दिली आहे, हेही ते म्हणाले.

बिक, तुमच्यापासून काय लपवू. दोन दिवस थांबा असं पत्र मी लिहिलं. व्यवस्थित घडी घालून सारनुबीच्या हातात दिलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि विचारलं की मग त्यांना तहान लागली असेल, त्याचं काय? मी पत्र परत मागून घेतलं आणि त्याच्यासमोर फाडलं.

तपासनीसांच्या कागदावर ‘शहर तयार नाही’ असं लिहून मी सही केली आहे. पाहुण्यांना उंचावरच्या हॉटेलांत हलवा असंही लिहिलं आहे. कुणी ऐकेल की नाही, ठाऊक नाही. इथे अजून दुरून ढोलांची तालीम ऐकू येते.

मी आत्ताच सारनुबीच्या होडीने निघते आहे. हे पत्र दुसऱ्या बोटीने पुढे पाठवते आहे, ती हलकी आहे, माझ्याआधी पोचेल. पोचताच खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना मशिदीच्या वरच्या मजल्यावर न्या. होड्या उंच बांधा. तांदूळ माळ्यावर चढवा. वाकच्या घरात कुणाला थांबू देऊ नका. एक लोटा पाणी भरून त्यांच्या उशाशी ठेवा आणि त्याला हात लावू नका.

आणि बिक, निघण्याआधी एकदा त्यांच्या उजव्या कानाशी वाका. सांगा, मागणारी निघाली आहे, रस्त्यात आहे, आता तुम्ही मोकळे.

माझ्यावरचा लोभ राहिला असेल तर तो आज त्यांना द्या.

तुमची
रोहाया