आईची काठी

प्रिय दादा,

तू आईसाठी पाठवलेली काठी मी टोमॅटोच्या कुंडीत रोवलीय. तिचाच हुकूम. रोप फळांनी वाकलेलं तिला खिडकीतून दिसलं. म्हणाली, "काठी म्हाताऱ्यांना लागते. त्याला दे." तुझ्या जुन्या शर्टाच्या पट्टीने मी रोप बांधलं, तर पलंगावरून ओरडली, "गाठ सैल ठेव गं, खोड जाड व्हायचंय अजून."

पडल्यापासून आई पलंग सोडत नव्हती. आता माझ्या गाठींवर भरवसा नाही म्हणून रोज सकाळी भिंत धरत स्वतः बघायला जाते.

तुला कळवायचं नाही अशी तंबी आहे, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. फोनवर तू विचारशीलच, आई काठी घेऊन चालते का. मी सांगेन, काठीमुळेच चालतेय.

तुझी,
धाकटी