वरची दिशा

१० डिसेंबर १९३३

जळगावात विमानं येणार — तीन! परवा मेहरूणच्या माळावर खेळ आहे. कोलांट्या मारतात म्हणे. यांनी दुकानातून येताच दोन तिकिटं माझ्या हातावर ठेवली. बघायची नव्हेत, बसायची.

मी हसले, आणि मग आठवलं. पर्युषणात सासूबाईंबरोबर मीही दिशांचं व्रत घेतलंय. वर्षभर पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला धुळे, दक्षिणेला माहेर म्हणजे पाचोरा, उत्तरेला तापी — पलीकडे पाऊल नाही. व्रत देणाऱ्या साध्वी महासतीजींनी वरची मर्यादाही विचारली. सासूबाई म्हणाल्या, "आमची गच्ची. तिच्यावर कोण जातंय?" मीही तेच बोलले.

११ डिसेंबर

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "व्रत तुझं. तू बघ." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर

काय लिहू! माळावर सगळा जिल्हा लोटला होता. शेजारी खेड्यावरची एक भिकुबाई, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. "माय, याना पोटमा मानूस शे?" विचारत होती, विमानाच्या पोटात खरंच माणूस आहे का म्हणून. लाल विमान उलटं होऊन गेलं तेव्हा तिनं माझा दंड गच्च धरला. सासूबाई तर मान खाली करायलाच तयार नाहीत.

ठरवलं होतं, विमानापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. गोऱ्या वैमानिकानं चामड्याची टोपी पुढे केली. मी पदर टोपीखाली खोचला आणि चढले. कुणी ढकललं नाही, हेही लिहून ठेवते.

आधी हाडं खिळखिळी झाली. मग एकदम धक्केच थांबले — जमीन सुटली होती! पापड वाळत घातलेली आमची गच्ची हातरुमालाएवढी. तलाव, जिनिंग कारखान्यांतले कापसाचे ढीग, दूर तापीची रेघ, आणि अख्खा सातपुडा एका नजरेत. मला रडू आलं. वाऱ्यात शेजारी बसलेल्या यांना ते कळलंही नसेल.

व्रत मोडतंय हे पक्कं ठाऊक होतं. तरी भीती वाटली ती खाली उतरायची.

१३ डिसेंबर

आज प्रायश्चित्ताचा उपवास केला. सासूबाई पापडांच्या निमित्तानं दोनदा गच्चीवर जाऊन आल्या.

१० सप्टेंबर १९३४

पुन्हा पर्युषण. नव्या महासतीजींपुढे व्रत घ्यायला बसलो. चारी दिशा गेल्या वर्षीच्याच सांगितल्या. वरची मोकळी ठेवा म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

शेजारून सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझीही."